ओव्हरटाइम

रुवैसला रात्री अकरा वाजता छत्तीस डिग्री.
कॅम्पच्या गच्चीवर एसीच्या पेट्या गुरगुरतात,
आणि लियाकत सरगुरोह, टॉवर क्रेन क्रमांक तीन,
लबनच्या रिकाम्या खोक्यावर बसून विचारतो:
"मास्तर, तू बीएस्सी शिकलेला. खरं सांग,
माणसाला मागं जाता येतं का?"

मागं म्हणजे दाभोळला नव्हे.
तिथं जायला विमान आहे, कर्ज आहे, रजा आहे.
मागं म्हणजे
सहा वर्षांपूर्वीचा एक सोमवार.

मी आधी सोपं ते सांगतो.
पुढं जाता येतं. त्यात वाद नाही.
मी ज्या यंत्रानं दिवसभर ही खारट जमीन मोजतो
त्याला वेळ सांगतात वरचे उपग्रह.
तिथली घड्याळं आपल्याहून रोज
अडतीस मायक्रोसेकंद पुढं पळतात,
म्हणून पाठवण्याआधीच त्यांना मुद्दाम मंद करतात.
नाही केलं तर एका दिवसात
आपली नऊ नंबरची टाकी
अकरा किलोमीटर आत, समुद्रात, निघेल.
जमिनीजवळ वेळ रेंगाळते, लियाकत,
उंचावर तिचा पाय हलका.

"मग माझं?"

खोक्याचा पुठ्ठा फाडला, खडूपेन्सिल घेतली.
ऐंशी मीटरवर तुझं केबिन,
दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं.
गुणाकार, भागाकार, प्रकाशाच्या वेगाचा वर्ग.
उत्तर: सेकंदाचा दहा लाखावा भाग.
खाली राहिलेल्यांपेक्षा
तेवढा तू जास्त म्हातारा झालास.

तो इतका हसला की खालच्या खोलीतून कुणीतरी
पश्तोत शिवी दिली.
"याचा ओव्हरटाइम लागतो का रे?"

मग हसणं संपलं आणि प्रश्न तिथंच होता.

मागं जायला गणित नाही म्हणत नाही.
गणिताला कसलीच लाज नसते.
अवकाश वाकवा म्हणतं, दोन टोकं जुळवा,
टाका घाला.
पण त्या टाक्याला जो दोरा लागतो,
शून्याहूनही कमी ऊर्जेचा,
तो कुणाकडंच पुरेसा नाही.
आणि समजा मिळाला. समजा दार झालं.
तरी ते ज्या दिवशी पहिल्यांदा उघडेल
त्याच्या अलीकडं कुणालाच उतरता येणार नाही.
आणि दार तर अजून बांधलेलंच नाही.

"म्हणजे तो सोमवार बाहेरच राहिला."
बाहेरच.
"कुंपणाच्या."

त्या सोमवारी चौदा टनांची नळी हवेत होती
आणि त्याच्या मांडीवर फोन थरथरत होता.
घरचा नंबर. पुन्हा घरचा नंबर.
तिकडं दीड तास पुढं,
म्हातारी एकेक श्वास मोजून घेत होती.
त्यानं दोन्ही दांडे सोडले नाहीत.
नळी उतरायला बावीस मिनिटं लागली,
पट्टे सुटायला सहा.
मग फोन केला. मग उचलला दुसऱ्याच कुणीतरी.

भाराखाली उभं राहू नये,
असं इथं तीन भाषांत लिहिलेलं आहे.
तरी त्या दिवशी, वारा भलताच, फोरमनला घाई,
खुणेची काठी धरून नळीच्या सावलीत
मी उभा होतो.
हे त्याला वरून दिसत होतं.
मला हे माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्याला.
मागं जाऊन फोन उचलला असता,
तर आज या खोक्यावर कुणाला काय विचारलं असतं,
हे गणित मी पुठ्ठ्यावर मांडलं नाही.
त्यानंही मागितलं नाही.

पुठ्ठा मात्र त्यानं घडी घालून खिशात ठेवला.
"उद्या फोरमनला दाखवतो. पैसे निघाले तर
अर्धे तुझे."
साडेचारची बस. तो झोपायला गेला.

मी राहिलो थोडा वेळ.
समोर तीन किलोमीटरवर त्याच्या क्रेनचा लाल दिवा:
तोही आत्ताचा नाही,
दहा मायक्रोसेकंद जुना.
लियाकतची अकरा वर्षं दहा वेळा मावतील
एवढा मागचा.
एवढंच मागचं दिसतं.
हात लावायला काही नाही.